दार कोणी उघडावं

जानराव पलटणीतून परत आला तेव्हा इंझोरी गावाची जरा निराशाच झाली, खोटं कशाला बोलायचं! इतकी वर्षं माणूस लढाईत होता, समुद्रापलीकडे होता, म्हणजे निदान एक हात तरी तिकडे ठेवून यायचा, नाहीतर कपाळावर चांगली वीतभर खूण तरी आणायचा. हा आपला धडधाकट! अंगात खाकी सदरा, खांद्यावर पत्र्याची पेटी. कारंज्याला छोट्या आगगाडीतून उतरला, कुणाच्या तरी बैलगाडीत बसला आणि दिवस कलायच्या आत वेशीत हजर. पोरांनी विचारलं, "काका, बंदूक कुठी हाय?" तर म्हणाला, "सरकारले वापस देल्ली." पोरं तिथूनच मागं फिरली.

घरी मात्र सण होता. आई रंगूबाई भाकरतुकड्याचं ताट घेऊन सकाळपासून आत-बाहेर करत होती. बायको प्रयागबाई पेटीच्या तळाशी जपून ठेवलेलं हिरवं लुगडं नेसून सासूच्या मागं उभी होती. लग्नानंतर वर्ष होतं न होतं तोच नवरा पलटणीत गेला, त्यामुळे लाजायचं तिचं अजून बरंच शिल्लक होतं. आणि बहीण कस्तुराबाई सासरहून मुद्दाम आली होती. तिचा एक हक्क राहून गेला होता. नवरा-नवरी लग्न लागून घरी आले की बहिणीनं दार अडवायचं, भावाकडून काहीतरी कबूल करून घ्यायचं, तेव्हा कुठं आत सोडायचं, ही रीत. जानरावच्या लग्नात कस्तुराला देवी आल्या होत्या, ती अंथरुणाला खिळली होती. आता भाऊ जिवंत परत येतोय म्हटल्यावर तिनं ठरवलं, दार आज अडवायचं.

तिनं दार ओढून घेतलं आणि चौकटीला आंब्याच्या पानांची दोरी बांधली. वर नाही, कमरेएवढ्या उंचीवर, आडवी, ताणून. अंगणात भाऊ आला तशी दोरीला हात घालून म्हणाली, "दादा, मले काय देशील ते पयले सांग, मंगच घरात!"

जानरावला बहीण दिसलीच नाही. त्याला बंद दार दिसलं, ताणलेली दोरी दिसली, आणि दोरीवरचा हात दिसला.

"लेट जाओ!" तो केवढ्यांदा तरी ओरडला आणि उडी घेतली. बहीण, आई, बायको, तिघींना दोन हातांच्या कवेत घेऊन तो जमिनीवर आदळला. ताट खणखणत गेलं, कुंकवाचं पाणी अंगणभर झालं. जमलेली माणसं आधी खो खो हसली. पलटणीतली काहीतरी गंमत दाखवतोय असं वाटलं त्यांना. मग जानराव पोटावर सरपटत दाराशी गेला. दोरीवरून पानापानानं बोट फिरवलं. चौकट चाचपली, वरून, खालून, बिजागऱ्यांपाशी. भिंतीच्या आडोशाला बसून काठीनं दार ढकललं. दार करकरलं आणि उघडलं, आत कोंबडी होती. तोपर्यंत अंगणातलं हसू आटलं होतं.

"आंब्याचे पानं होते रे दादा," कस्तुरा सोललेलं कोपर धरून रडत म्हणाली.

"दिसलं मले," जानराव म्हणाला, आणि आईपुढं हात जोडून उभा राहिला.

असा त्याचा गृहप्रवेश!

त्या दिवसापासून त्या घरात दार उघडायचं काम जानरावचं झालं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. रात्री तो उंबरठ्याला लागूनच घोंगडी टाकायचा. बायकोनं पाच पावसाळे वाट पाहिली, आणि हा दाराला पाठ लावून झोपतो! प्रयागबाईच्या मनाला काय वाटलं असेल ते सांगायला नको. सकाळी उठून आधी तो चौकटीभोवती बोटं फिरवणार, फटीला डोळा लावणार, अडसर हळूच काढणार, सगळ्यांना मागच्या खोलीत पाठवणार, मग कडीला बांधलेली लांब दोरी भिंतीआडून ओढणार. तोवर गोठ्यात गाय हंबरतेय, आणि रंगूबाई हातात लोटा घेऊन या पायावरून त्या पायावर नाचतेय.

"अरे, लढाई सरली म्हने ना?" ती कळवळून म्हणायची. "मंग मले बाहीर जाऊ दे ना बाप्पा! पोटात कळ येऊन राह्यली!"

"एक घडी थांब मा."

"तुही घडी होते, अन माहा जीव जाते!"

आता, जानराव काही खुळा नव्हता. इंझोरीच्या दारांत काही नाही हे त्याला ठाऊक होतं. इथं कोण येतोय तारा बांधायला? डोक्याला सगळं कळत होतं, हातांना कळत नव्हतं. शेतात गेला की तोच जुना जानराव. वखर धरावा तर त्यानंच, बैलांशी बोलावं तर त्यानंच. शेताला दार नसतं ना. संध्याकाळी घराकडे वळला की मात्र त्याची चाल बदलायची, आणि ते बैलांनासुद्धा कळायचं.

गावानं हेही पोटात घातलं असतं. गावं पुष्कळ पोटात घालतात, फक्त आपल्या दारापर्यंत येऊ नये एवढंच त्यांचं म्हणणं असतं. ते आलं. शेजारी नानाजी राहायचे, पिकल्या मिशांचे, गावात शब्दाला मान असलेले. त्यांची सून पोटुशी होती. एका दुपारी वाऱ्यानं त्यांचं दार धाडकन लागलं आणि ती ते उघडायला गेली. जानराव कुंपणावरून उडी मारून आला, तिचा दंड धरला आणि मागं खेचली. सून मटकन खाली बसली. तिला काही झालं नाही, देवाची कृपा. पण परक्या बाईचा दंड धरला, तोही पोटुशा बाईचा! बायकांनी तोंडात बोटं घातली.

नानाजी ओरडले नाहीत. येऊन ओट्यावर बसले, सुपारी कातरली, पण तोंडात टाकली नाही. "जान्या," ते म्हणाले, "मी तुले काई म्हनत नाई. लहानपनी माह्या खांद्यावर बसून तू जत्रा पाह्यली. पन लोकं म्हनते, आज ओढलं, उद्या हा मारीन. तुह्या बायकोची कायजी वाटते रे."

ही गोष्ट कामरगावला, प्रयागबाईच्या माहेरी, पोचायला वेळ लागला नाही. प्रयागबाईचा थोरला भाऊ रामराव दमणी जुंपून आला. माणूस वाईट नव्हता. आल्या आल्या त्यानं बहिणीचे हात उलटेसुलटे करून पाहिले, कुठं वळ आहेत का म्हणून. नव्हते. तरी रंगूबाईला म्हणाला, "मामी, प्रयागले मी घेऊन जातो. पावने बरे झाले का आनून सोडतो." रंगूबाईचे सगळे उपाय सरले होते. पोहरादेवीला नवस बोलून झाला होता, अंगारे लावून झाले होते. ती नुसती पदराला डोळे पुसत राहिली. ठरलं, रामराव रात्री अंगणात खाट टाकून झोपणार आणि सकाळी ऊन तापायच्या आत बहिणीला घेऊन निघणार.

जानरावला हे शेतात कळलं. प्रयागबाईनंच सांगितलं, दुपारची भाकर घेऊन आली तेव्हा. बाभळीखाली बसून त्यानं ऐकून घेतलं. जाऊ दे तिला, असंच त्याला आधी वाटलं. काय सुख दिलं आपण? आणि मग काळजात चर्र झालं. कामरगावच्या घराला पुढं दार, मागं दार, गोठ्याला दार. ती दिवसभर दारं उघडत फिरणार. आधी हात फिरवून पाहायला तिथं कोण आहे? भाकरीचा घास त्याच्या हातातच राहिला.

"एक सांगा मले," प्रयागबाई म्हणाली. नवऱ्याच्या डोळ्यात डोळा घालून ती पहिल्यांदाच बोलत होती. "तुमी दारात काय पाह्यता? मा म्हनते भूत हाय. दादा म्हनते डोकं फिरलं. मी काय म्हनू? लोकं मले इचारते, अवो, मी काय सांगू त्याईले?"

जानरावनं बैलांकडे पाहिलं. मग बोलला.

"इटलीत एक गाव होतं. नाव काई माह्या जिभेवर बसलं नाई. डोंगरावर, समदे दगडाचे घरं, एकमेकाले चिकटून. रस्त्यावर पाय ठेवला का मशीनगन. म्हनून आमी रस्त्यानं जातच नव्हतो."

"मंग कसे जात होते?"

"भिंती फोडून. या घरातून त्या घरात. फोडायची सब्बल माह्याच हाती. आमचा हवालदार सातारकडचा, तो रोज म्हने, 'दाराला हात लावशील तर हात हितंच ऱ्हाईल.' जर्मन जाता जाता दारं लावून जाये, अन दाराले सुरुंगाची तार बांधून ठेवे. उघडलं का उडालं."

प्रयागबाईनं पदर तोंडाशी धरला.

"एक भिंत फोडली," जानराव सांगत राहिला, "अन आत पाह्यतो तर चूल पेटलेली. म्हातारी बसून होती, आपल्या माएवढी. बाहीर तोफा चालून राह्यल्या, अन हे माह्यावर कावली! काहून? तर तिच्या चुलीवरच्या गंजात धूय पडली."

त्याला हसू आलं. आल्यापासून पहिल्यांदाच. म्हातारीनं खराटा घेतला आणि यांनीच केलेला ढिगारा झाडायला लागली. फुटलेल्या भिंतीतले धड दगड बाजूला रचून ठेवले, पुढं भिंत बांधायला लागतील म्हणून. रस्त्यापलीकडच्या घरांतून गोळ्या येत होत्या म्हणून त्यांची तुकडी त्या घरात अडकून पडली. म्हातारीनं मक्याचं पीठ शिजवून सगळ्यांना वाढलं, अगदी आपल्या कण्यांसारखं. जानराव तिला वऱ्हाडीत बोलायचा, ती तिच्या भाषेत. "म्हातारे, आमच्या इकडे यात ताक घालते," तो म्हणायचा, आणि ती हसून हसून खोकायची. त्याचं बोलणं कानाला गंमतीचं लागायचं तिला, दुसरं काय! हा थकून भिंतीला टेकला की ती स्वतःची शाल आणून याच्या पायांवर टाकायची.

"मंग?"

"मंग एक दिवस बंदुका थांबल्या. जर्मन गेले. वर देवळात घंटा वाजली. तिनं हात पुसले, डोक्यावरचा रुमाल सारखा केला, अन निघाली. पुढच्या दाराकडे. मी पानी भरून राह्यलो होतो. मी पाह्यलं..."

प्रयागबाईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. भर उजेडात, उघड्या रानात, लाज गुंडाळून ठेवून.

"मी वरडलो. 'म्हातारे, थांब! हात लावू नको!' ते वऱ्हाडीतच निघालं तोंडातून. दुसरी भाषा मले येते कुठी? तिनं वळून पाह्यलं माह्याकडे. रोजच्यावानी हसली. तिले वाटलं, मी काईतरी गंमतच करून राह्यलो. हसली, अन दार उघडलं."

वारा पडला होता. बैल रवंथ करत उभे होते.

"तिच्याच घराचं दार होतं वं," जानराव म्हणाला. "जलमभर तिनंच उघडलं असन ते."

प्रयागबाई रडली नाही. तिनं त्याच्या हातातला घास काढून घेतला, भाकर पुन्हा कुस्करली, वर ताक घातलं आणि त्याच्यापुढं ठेवली. "जेवा," म्हणाली. तो जेवला. मग ती टोपलं डोक्यावर घेऊन घरी गेली, आणि झोपेपर्यंत सासूनं काय विचारलं तरी "हूं" शिवाय बोलली नाही. गाठोडं मात्र तिनं बांधलं नाही. रंगूबाईला वाटलं, सकाळी बांधील.

सकाळ झाली. फटीतून उजेड आत आला. अंगणात रामरावचं खोकून, चूळ भरून, बैलांना पेंढी टाकून झालं होतं. आत रंगूबाई लोटा घेऊन तयार. जानराव घोंगडीवरून उठून चौकटीला हात लावणार, तोच प्रयागबाई त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"आज दार मी उघडीन," ती म्हणाली.

"अवं, काय लावलं तू?"

"तुमी मागं व्हा."

तिनं हात लुगड्याला पुसले, पदर डोक्यावर नीट घेतला आणि दाराकडे निघाली. घर ते केवढं! दार दोन पावलांवर. पण जानरावचे पाय भुईला खिळले. ती पाठमोरी होती, आणि पाठमोऱ्या बाया सगळ्या सारख्याच दिसतात. तिचा हात अडसराकडे उठला. जानरावचा आवाज फाटून आला.

"थांब! हात लावू नको!"

प्रयागबाई थांबली.

हात होता तिथंच, अडसरापासून बोटभर अंतरावर, हवेत. तिनं वळून पाहिलं नाही. हसली नाही. काही विचारलं नाही. नुसती थांबली.

"प्रयागे!" बाहेरून रामरावनं हाक दिली. "ऊन चढून राह्यलं वं, चाल लवकर!"

ती हलली नाही.

"अवं उघड ना माय, काय मेली काय तठीच?" रंगूबाई कावली. मग तिनं लेकाचं तोंड पाहिलं आणि लोटा छातीशी धरला.

बाहेरून दारावर थाप पडली. एकदा, दोनदा. दार हादरलं. प्रयागबाईचा हात भरून आला असणार, कारण तो थरथरायला लागला आणि बांगड्या एकेक करून कोपराकडे घसरल्या. पण तिनं तो ना पुढं नेला ना मागं घेतला. दिवसभर थांब म्हटलं असतं तर ती दिवसभर तशीच उभी राहिली असती. जानरावला ते दिसत होतं. त्यानं थांब म्हटलं होतं, आणि माणूस थांबलं होतं.

तो एक पाऊल पुढं आला. सवयीनं बोटं चौकटीकडे गेली आणि मध्येच खाली आली. तो खाली बसला आणि रडायला लागला. असा रडला, असा रडला बाप्पा, की रंगूबाईला तो पाळण्यात होता तेव्हाची आठवण झाली. इटलीत रडला नव्हता, बोटीत रडला नव्हता, आईपुढं हात जोडताना रडला नव्हता. ते सगळं आता निघालं.

"ते नाई थांबली वं," तो हुंदके देत म्हणाला.

"तिले समजलं नाई म्हनून," प्रयागबाई तशीच पाठमोरी राहून म्हणाली. "मले समजते. तुमी सांगान तवाच उघडीन."

बाहेर रामरावची थाप थांबली. आतलं रडणं त्याच्या कानी गेलं असणार. जानरावनं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. बायकोच्या थरथरत्या हाताकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. साध्या सागवानाचं दार, त्याच्या बापानं बसवलेलं.

"उघड," तो म्हणाला.

तिनं अडसर काढला आणि दार ओढलं. ऊन घरात आलं, दुसरं काही नाही. रंगूबाई "सरका वं, सरका!" करत दोघांच्या मधून लोटा घेऊन जी सुटली ती गोठ्यापलीकडे दिसेनाशी झाली.

दारात रामराव उभा होता, हातात बैलांचा कासरा. खाली बसलेल्या मेहुण्याकडे त्यानं पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. "झाली का तयारी?" त्यानं हळूच विचारलं.

"नाई दादा. मी नाई येत."

"काहून वं?"

प्रयागबाई दंड चोळत होती. तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं.

"सकायी दार उघडायले याईले मी पाह्यजे," ती म्हणाली, आणि चूल पेटवायला आत गेली.